तेल कंपनीचा आयकर : माफ किती, तहकूब किती?

आमचा भाचा बी.कॉम. होऊन एका सी.ए.च्या हाताखाली काम शिकतो आहे. मागे एकदा तो एका तेल व वायू कंपनीचा वार्षिक अहवाल काखेत घेऊन आमच्या पेढीवर आला. त्याच्या अम्मीने, म्हणजे आमच्या बहिणीने, घराच्या स्लॅबसाठी बाजूला ठेवलेली रक्कम या कंपनीच्या शेअरमध्ये घालावी, असे घरात चालले होते. नफा भरपूर दिसत होता, आणि कोणीतरी असेही सांगितले होते की ही कंपनी कर जवळपास भरतच नाही. भाच्याने नफा-तोटा पत्रकावर बोट ठेवले. "मामू, हे बघा. नफा पाचशे कोटी. त्यातून कर सव्वाशे कोटी वजा केला आहे. पण आतल्या टिपेत चालू वर्षाचा कर शून्य लिहिला आहे. कर भरलाच नाही, तर वजा कशाचा केला? आणि वजा केला, तर तो पैसा गेला कुठे?"

प्रश्न रास्त होता. तेल कंपन्यांचे शेअर आपल्या समाजातल्या अनेक व्यापारी व नोकरदार कुटुंबांकडे आहेत. मार्च २००४ मध्ये सरकारने तेल व नैसर्गिक वायू महामंडळातला आपला काही हिस्सा विकला, तेव्हा पहिल्यांदाच शेअरचा फॉर्म भरलेले लोक आमच्या ओळखीत आहेत. पण कराची ती टीप कोणी वाचत नाही. आम्हीही वाचत नव्हतो. आमच्या स्वतःच्या धंद्यात त्याची किंमत मोजली, तेव्हा डोळे उघडले. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो, मग तेलाकडे वळू.

सन २००३ मध्ये आम्ही आणि आमचे एक भागीदार, दोघांनी मिळून साठ लाखांचे माग घेतले. कापड उद्योगाच्या आधुनिकीकरणाची टफ योजना तेव्हा चालू होती. त्या योजनेखाली ठरावीक मुदतीत घेतलेल्या विणकामाच्या यंत्रांवर आयकर खाते ५० टक्के घसारा देत असे. आयकराच्या हिशेबात माग साठचे तीस, तिसाचे पंधरा, पंधराचे साडेसात लाख असे तीन वर्षांत उतरले. मात्र आमच्या वहीत आम्ही दरसाल सहा लाखच घसारा लिहीत होतो, कारण माग दहा वर्षे चालणार होते आणि बँकेलाही नफा दिसायला हवा होता. मार्च २००६ ला वहीत मागांची किंमत ४२ लाख, आयकराच्या कागदावर साडेसात लाख. तीन वर्षे कर कमी भरला, याची दोघांनाही खुशी होती.

त्याच वर्षी भागीदार बाजूला झाले. वहीतल्या ४२ लाखांवर हिशेब झाला, त्यांचा निम्मा हिस्सा त्यांना दिला, भलेपणाने मुसाफा झाला. धाकट्या भावाला भागीदार करून पेढी आम्ही चालू ठेवली. पुढच्या वर्षी सगळे माग ४० लाखांना विकून आम्ही निव्वळ कापडाच्या व्यापारावर आलो. वहीप्रमाणे तोटा झाला होता. आयकर खात्याने मात्र चाळीस वजा साडेसात, म्हणजे साडेबत्तीस लाखांचा फायदा धरला. अधिभार व उपकर मिळून जवळपास अकरा लाख कर आम्हाला एकट्याला भरावा लागला. मागच्या तीन वर्षांत जो कर वाचला म्हणून आम्ही दोघे खूश होतो, तो वाचलेला नव्हताच, तहकूब झालेला होता. तो आमच्या वहीत देणे म्हणून लिहिलेला असता, तर भागीदारांच्या हिश्श्यातून निम्मा वळता झाला असता. चूक त्यांची नव्हती. वही आमची होती.

तेल कंपनीच्या पत्रकातला 'डेफर्ड टॅक्स' म्हणजे नेमका हाच न लिहिलेला कर. फरक इतकाच की कंपनीला तो लिहावाच लागतो. २००१ पासून हिशेबाचे बाविसावे मानक आणि आता मोठ्या कंपन्यांसाठी भारतीय लेखामानक १२ यांनी तो बंधनकारक केला आहे. आम्ही या लेखात त्याला तहकूब कर म्हणू. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्याला हा शब्द पटकन कळतो, आणि मराठी कचेऱ्यांतही तो जुनाच आहे.

आता तेलाकडे. कापडात सूत घेतले, विणले, विकले, उधारी वसूल केली की तीन-चार महिन्यांत रुपया परत येतो. तेलात रुपया आधी जमिनीत किंवा समुद्रात जातो आणि तो परत येईल की नाही, हे विहीर खोदल्यावरच कळते. आपल्या मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, 'सागर सम्राट' या जहाजाने खोदकाम केले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यातले तेल-वायू नळाने उरणला येते, हे ठाणे-रायगडच्या लोकांना माहीत आहे. इतक्या लवकर तेल हाती येणे हे नशीब. पुष्कळ क्षेत्रांत शोधापासून उत्पादनापर्यंत आठ-दहा वर्षे सहज जातात. एकदा तेल लागले की मग ते दशकानुदशके येत राहते. मुंबई हाय पन्नास वर्षांनंतरही तेल देते आहे. पैसा आधी, उत्पन्न मागून, आणि मधली दरी लांब. या दरीमुळे तेल कंपनीत तहकूब कराचा आकडा जितका फुगतो, तितका दुकानदारीत कधी फुगत नाही.

हिशेबात शिरण्यापूर्वी एक गफलत दूर करू. तेल कंपनी सरकारला अनेक वाटांनी पैसे देते आणि लोक त्या सगळ्यांना कर म्हणतात. पण पत्रकातल्या आयकराच्या ओळीत त्यातले सगळे येत नाही. रॉयल्टी घ्या. ती तेलाच्या किमतीवर ठरते. तेल उद्योग विकास उपकर घ्या. सरकारने थेट नेमून दिलेल्या जुन्या क्षेत्रांतल्या तेलावर तो पूर्वी टनामागे ४,५०० रुपये होता, १ मार्च २०१६ पासून किमतीच्या २० टक्के झाला. युक्रेनच्या युद्धाने तेल भडकले, तेव्हा १ जुलै २०२२ पासून सरकारने देशी कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये जादा अबकारी शुल्क लावले. वर्तमानपत्रांनी त्याला विंडफॉल टॅक्स म्हटले. ते पंधरवड्याला बदलत राहिले आणि २ डिसेंबर २०२४ ला रद्द झाले. हे सर्व टनावर किंवा किमतीवर बसते. कंपनीला तोटा झाला तरी ते द्यावेच लागते. म्हणून हिशेबात तो खर्च आहे, नफ्याच्या वरच वजा होतो. पूर्वी जकात नाक्यावर सुताच्या गाडीमागे जे भरावे लागे, त्याच जातीचा हा पैसा.

विलायतेत याच्या उलट झाले. उत्तर समुद्रातल्या तेल कंपन्यांवर ब्रिटिश सरकारने २६ मे २०२२ पासून एनर्जी प्रॉफिट्स लेव्ही नावाचा कर लावला. आधी २५ टक्के, २०२३ च्या सुरुवातीपासून ३५ आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ३८ टक्के. आधीचे ३० आणि १० टक्के मिळून तिथला एकूण दर ७८ टक्क्यांवर गेला. कारण तेच, तेलाची भाववाढ. पण तो कर नफ्यावर बेतलेला आहे, म्हणून तो आयकर ठरतो, आयकराच्या ओळीत येतो आणि त्यावर तहकूब कराचाही हिशेब करावा लागतो. म्हणजे एकाच संकटात लावलेले दोन कर, आणि पत्रकात त्यांची जागा वेगळी. दोन देशांच्या कंपन्यांचे कराचे टक्के शेजारी ठेवून 'इथे कमी, तिथे जास्त' म्हणणाऱ्याने हे पाहिलेले नसते.

करारानुसार सरकारला मिळणारा नफ्याच्या तेलातला वाटा, हाही आयकर नव्हे. तो भागीदाराचा हिस्सा आहे. ते तेल कंपनीचे कधी नव्हतेच.

आता विहिरी. समजा कंपनीने तीन विहिरी खोदल्या, प्रत्येकी शंभर कोटी. दोन कोरड्या निघाल्या, एकीला तेल लागले. वहीत काय लिहायचे? याच्या दोन पद्धती जगात चालतात. एकीत कोरड्या विहिरींचे दोनशे कोटी लगेच नफ्यातून उडवतात आणि फक्त तेल लागलेल्या विहिरीचे शंभर कोटी मालमत्ता म्हणून ठेवतात. तिला सक्सेसफुल एफर्ट्स म्हणतात. दुसरीत तीनशेच्या तीनशे कोटी मालमत्तेत जातात, कारण दोन कोरड्या खोदल्याशिवाय तिसरी सापडली नसती, असा युक्तिवाद. ती फुल कॉस्ट पद्धत. आम्ही व्यापारी माणूस, आम्हाला पहिली पद्धत जास्त सचोटीची वाटते. जळालेला माल गोदामात दाखवू नये. आपल्याकडे मोठ्या कंपन्या आता याच पद्धतीने लिहितात.

मालमत्तेत गेलेल्या रकमेवर घसारा वर्षावर धरत नाहीत. तो उपशावर धरतात. साठा पन्नास लाख टन आणि वर्षात पाच लाख टन तेल काढले, तर किमतीचा दहावा हिस्सा खर्ची पडतो. साठा किती, हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतो आणि तो दरवर्षी आपला अंदाज बदलू शकतो.

आयकर खाते यातले काहीच मानत नाही. त्याची वही निराळी. १९६१ च्या आयकर कायद्यात तेलशोधासाठी खास कलम ४२ होते. सरकारने कंपनीशी केलेला आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवलेला जो करार असेल, त्यात लिहिल्याप्रमाणे खास वजावट मिळे. उत्पादन सुरू होण्यापूर्वी सोडून दिलेल्या क्षेत्रातला वाया गेलेला शोधखर्च, आणि जिथे उत्पादन सुरू झाले तिथला शोध व खोदकामाचा आधीचा-नंतरचा खर्च, दोन्ही त्यात येत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला व कलमांचे आकडे बदलले. वाचकांच्या हाती येणाऱ्या जुन्या अहवालांत जुनेच आकडे असणार, म्हणून आम्ही तेच देतो.

याचा अर्थ असा की कोरडी विहीर वहीत आज खर्ची पडते, आयकरात मात्र क्षेत्र सोडेपर्यंत किंवा उत्पादन सुरू होईपर्यंत थांबते. तेव्हा कंपनीचे सरकारकडे एक येणे तयार होते. त्याला तहकूब कराचे येणे म्हणावे. तेल लागलेली विहीर याच्या उलट वागते. आयकरात ती झटक्यात खर्ची पडते, वहीत दहा-वीस वर्षे हळूहळू. तिथे देणे तयार होते. एकाच कंपनीत दोन्ही एकाच वेळी चालू असतात आणि पत्रकात त्यांची वजाबाकी करून एकच आकडा येतो. म्हणून नुसता तो आकडा पाहून उपयोग नाही, त्यामागची टीप उघडावी लागते.

आता भाच्याच्या प्रश्नाचा हिशेब. कंपनीचे नाव आम्ही देत नाही, आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून घेतले आहेत. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन सोबत करावा. खोदकामावर एक हजार कोटी गेले. साठा पन्नास लाख टन, दरसाल पाच लाख टन उपसा. घसाऱ्यापूर्वीचे उत्पन्न दरसाल सहाशे कोटी. कराचा दर २५.१६८ टक्के. हा विचित्र आकडा असा येतो : २२ टक्के मूळ कर, त्यावर १० टक्के अधिभार, दोन्हींवर ४ टक्के उपकर.

पहिले वर्ष. वहीत घसारा शंभर कोटी, नफा पाचशे कोटी. आयकरात हजारच्या हजार कोटी वजा, म्हणजे सहाशेतून हजार गेले, चारशे कोटींचा तोटा. भरायचा कर शून्य. पण वहीत विहिरीची किंमत अजून नऊशे कोटी आहे आणि आयकराच्या वहीत शून्य. हे नऊशे कोटी पुढे वहीत खर्ची पडतील तेव्हा आयकर खाते त्यांवर वजावट देणार नाही, कारण ती आधीच देऊन झाली. नऊशेवर २५.१६८ टक्के, म्हणजे २२६.५१ कोटी देणे. त्यातून चारशे कोटींचा तोटा पुढे ओढता येतो त्याचे १००.६७ कोटी येणे वजा करा. उरले १२५.८४ कोटी. पाचशेवर २५.१६८ टक्के काढून पाहा, तोच आकडा येईल. भाचा ज्या सव्वाशे कोटींवर बोट ठेवून बसला होता, ते हेच. पैसा कुठे गेला? कुठेच नाही. तो कंपनीच्याच हातात आहे, पण कंपनीचा नाही.

दुसरे वर्ष. पुन्हा नफा पाचशे, पत्रकात कर १२५.८४. आयकरात सहाशेतून मागचा चारशेचा तोटा वजा, दोनशेवर कर ५०.३४ कोटी रोख. बाकी ७५.५० कोटी देण्यात वाढले. देणे झाले २०१.३४ कोटी.

तिसरे वर्ष नीट पाहावे, कारण इथे फासा पलटतो. नफा तोच पाचशे, पत्रकात कर तोच १२५.८४. पण आयकरात आता वजा करायला काही उरले नाही. पूर्ण सहाशेवर कर, १५१.०१ कोटी रोख भरायचे. लिहिला त्यापेक्षा पंचवीस कोटी जास्त. ते देण्यातून वळते होतात. पुढची सात वर्षे असेच चालते आणि दहाव्या वर्षअखेर देणे शून्यावर येते. दहा वर्षांत एकूण भरलेला कर १,२५८.४० कोटी, आणि पत्रकात लिहिलेला कर तेवढाच. एक पैसा माफ झाला नाही. कंपनीला फायदा झाला तो इतकाच की सुरुवातीच्या दोन वर्षांत तहकूब झालेला सरकारचा पैसा तो फिटेपर्यंत बिनव्याजी वापरायला मिळाला. हा फायदा लहान नाही. पण 'कंपनी कर भरत नाही' असे सांगून शेअर विकणारा माणूस पहिल्या वर्षाचा अहवाल दाखवतो आणि तिसऱ्या वर्षाबद्दल बोलत नाही.

समजा तिसऱ्या वर्षाअखेर भूगर्भवाल्याने सांगितले की उरलेला साठा पस्तीस लाख टन नाही, अठ्ठावीसच आहे. वहीतले सातशे कोटी आता अठ्ठावीस लाख टनांवर वाटायचे. घसारा शंभराचा सव्वाशे होईल, नफा ४७५ वर येईल आणि पत्रकातला कर ११९.५५ कोटी होईल. रोख भरायचा कर मात्र तोच, १५१.०१. तेल आटले तरी आयकर खात्याला त्याचे सोयरसुतक नाही, कारण खोदकामाची वजावट त्याने पहिल्याच वर्षी देऊन टाकली. नफा घटतो आहे आणि रोख कर तसाच आहे, असे दिसले की साठ्याची टीप उघडून पाहावी.

तहकूब कुठले ते सांगितले. मग माफ कुठले? तेही असते. जुन्या कायद्याच्या कलम ८०-आयबीखाली तेल उत्पादनाच्या नफ्यावर सात वर्षे शंभर टक्के सूट होती. ३१ मार्च २०१७ नंतर उत्पादन सुरू करणाऱ्यांना ती बंद झाली. सुटीच्या वर्षांत माफ झालेला कर परत कधी भरावा लागत नाही. उलट्या बाजूनेही असा कायमचा फरक पडतो. कंपनी कायद्याखाली सामाजिक कामावर जो दोन टक्के खर्च करावा लागतो, तो आयकरात वजा मिळत नाही, आज नाही आणि उद्याही नाही. असे कायमचे फरक तहकूब खात्यात येत नाहीत. ते कराच्या प्रत्यक्ष टक्केवारीत दिसतात. अहवालात 'नफ्यावर दराप्रमाणे कर इतका, प्रत्यक्षात इतका, फरकाची कारणे अशी' अशी एक जुळवणी छापलेली असते. पाच-सात ओळींची असते. आमच्या मते अख्ख्या अहवालात तितकी खरी बोलणारी दुसरी जागा नाही.

दर बदलला की काय होते, तेही २० सप्टेंबर २०१९ ला सगळ्यांनी पाहिले. सरकारने वटहुकूम काढून कंपन्यांना २५.१६८ टक्क्यांचा नवा दर घेण्याची मुभा दिली. मोठ्या कंपनीचा जुना दर ३४.९४४ टक्के होता. ज्या कंपनीच्या दोन वह्यांत आठशे कोटींचा फरक होता, तिचे जुन्या दराने देणे २७९.५५ कोटी. नव्या दराने २०१.३४. मधले अठ्ठ्याहत्तर कोटी एका दिवसात नफ्यात जमा, एक थेंब तेल न विकता. आणि जिचे देणे नसून येणे होते, तिचे येणे तितकेच घटले. त्या वर्षी नफ्याची उडी पाहून धावलेल्यांना पुढच्या वर्षी ती उडी दिसली नाही, याचे नवल वाटायला नको होते.

पण हा नवा दर फुकट नव्हता. तो घेणाऱ्याला काही वजावटी कायमच्या सोडाव्या लागल्या. त्यांत तेल कंपन्यांची एक खास वजावट होती आणि ती आपल्याला या विषयाच्या सर्वांत अवघड टोकाकडे नेते. वरच्या उदाहरणात आम्ही हे टोक मुद्दाम बाहेर ठेवले होते.

तेल संपल्यावर क्षेत्र साफ करावे लागते. विहिरी सिमेंटने बंद करायच्या, समुद्रातले लोखंडी मचाण कापून आणायचे, नळ उचलायचे किंवा निर्धोक करायचे. हा खर्च शेवटी येतो, पण मानक सांगते की पहिल्याच दिवशी त्याची तरतूद लिहा. दहा वर्षांनी दोनशे कोटी लागणार असतील, तर ८ टक्के व्याजाने त्यांची आजची किंमत सुमारे ९२.६४ कोटी होते. तेवढे देणे लिहायचे, तेवढीच मालमत्तेची किंमत वाढवायची, आणि दरवर्षी देण्यावर व्याज चढवत दहाव्या वर्षी ते दोनशेवर न्यायचे. या देण्यावरचा आणि वाढवलेल्या मालमत्तेवरचा तहकूब कर पहिल्या दिवसापासून दाखवावा की नाही, यावर बरीच वर्षे मतभेद होते. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे मानकात दुरुस्ती होऊन तो दाखवणे पक्के झाले.

आयकर खाते मात्र तरतुदीवर वजावट देत नाही. ज्या दिवशी खर्च कराल, त्या दिवशी घ्या. म्हणजे दोनशे कोटींवरचे ५०.३४ कोटी हे कंपनीचे सरकारकडे येणे. पत्रकात ते मालमत्ता म्हणून दिसते, आणि आमचा भाचा ते पाहून म्हणाला, "हे तरी नक्की मिळणार ना, मामू?"

नक्की नाही. वजावट घ्यायला त्या वर्षी नफा हवा. ज्या वर्षी मचाण कापायचे, त्या वर्षी त्या क्षेत्रातून तेल नाही, म्हणजे नफा नाही. आपल्याकडे धंद्याचा तोटा पुढे आठ वर्षे ओढता येतो, मागे नेता येत नाही. जिच्याकडे दहा क्षेत्रे आहेत ती कंपनी दुसऱ्या क्षेत्रांच्या नफ्यातून हा खर्च वळता करील. जिच्याकडे एकच मोठे क्षेत्र आहे तिचे ५०.३४ कोटींचे येणे म्हणजे दिवाळे निघालेल्या गिऱ्हाइकाची हुंडी. ब्रिटनने उत्तर समुद्रासाठी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली आहे. तिथे साफसफाईचा तोटा मागे, एप्रिल २००२ पर्यंतच्या नफ्यावर नेऊन जुना कर परत मागता येतो. तरी वर सांगितलेल्या लेव्हीतून हा खर्च तिथेही वजा मिळत नाही.

भारतात यावर तोड म्हणून कलम ३३एबीए होते. कंपनीने नफ्याच्या वर्षांतच स्टेट बँकेत साइट रिस्टोरेशन खात्यात रक्कम भरावी आणि नफ्याच्या २० टक्क्यांच्या मर्यादेत तेव्हाच वजावट घ्यावी. खात्यातली रक्कम दुसरीकडे वळवली तर तिच्यावर कर. आम्हाला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते, कारण पैसा वेगळा निघतो, आणि नफा आहे तेव्हाच सूट मिळते. २०१९ चा कमी दर घेणाऱ्या कंपनीला सोडावी लागली ती हीच वजावट. म्हणजे कंपनीपुढे सौदा असा आला : आज जवळपास दहा टक्के कमी दर, की शेवटच्या साफसफाईसाठी आधी मिळणारी सूट? नव्या क्षेत्रांच्या कंपनीने कमी दर घेतला तर आम्ही तिला नावे ठेवणार नाही. क्षेत्र म्हातारे होत आलेल्या कंपनीने तो घेतला असेल, तर तिच्या तहकूब येण्याकडे आम्ही संशयाने पाहू.

भाच्याला आम्ही तिथेच बसवले आणि अहवालातून चार गोष्टी शोधायला सांगितल्या : क्षेत्रे किती, साठा कुठल्या क्षेत्रात किती उरला, साफसफाईची तरतूद किती, आणि लेखापरीक्षकाने तहकूब येण्याबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला आहे का. चहा थंड झाला, पण त्याला सगळे सापडले. क्षेत्र एकच होते, तेही नवे. तोटा पुढे ओढलेला, देणे वाढत चाललेले. म्हणजे आमच्या उदाहरणातले पहिले वर्ष जसेच्या तसे.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "भाईजान, मग ही कंपनी कर भरते की नाही?"

"अजून दोन वर्षांनी भरेल," आम्ही सांगितले, "आणि कागदावर लिहील त्यापेक्षा जास्त भरेल. तेव्हा हाती उरणारी रोख आजच्या नफ्यासारखी दिसणार नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की स्लॅब तर पावसाळ्याआधी घालायचा आहे. रक्कम बँकेतच राहिली. भाच्याने मात्र तो अहवाल परत नेला नाही. आमच्या गल्ल्याशेजारी पडला आहे, तिसऱ्या वर्षाचा आला की शेजारी ठेवून पाहू म्हणतो.